खिडकीवरची चिठ्ठी

शिंपीणबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ह्याला त्या रविवारी आठ महिने होऊन गेले होते. वहीतून फाडलेला एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. तो मला पाठ होता, आणि पाठ करावा असं कधी मनात आलं नव्हतं.

‘मोठे डॉक्टर, टाचणी गेली ती गेली, असं म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं. पण डोळा लागताना एकच गोष्ट आठवते. ती चार दिवस सारखं पाणी पीत होती. ते मी खिडकीवर सांगितलं. आत तुमच्यासमोर पुन्हा सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. तुम्ही कामात दिसलात, म्हणून धीर झाला नाही. माझ्या न सांगण्यामुळे ती गेली का? एवढंच कळवा. रागावणार नाही. रागवायचं तर स्वतःवरच आहे.’

मी कामात नव्हतो. वाचत होतो. एका जुन्या प्रवासवर्णनात बोट वाळूत रुतली होती आणि ती सुटते की नाही, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. टाचणीच्या, म्हणजे त्यांच्या कुत्रीच्या, पोटावरून हात फिरवला, ताप पाहिला, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि ‘अपचन आहे, दोन दिवसांनी दाखवा’ म्हणून तिला घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या सुनेच्या ऑपरेशनच्या टेबलावर मेली.

आमच्या दवाखान्यात दोन रीती आहेत. एक माझी. दुखण्याची माहिती मास्तर, म्हणजे आमचे कंपाउंडर, बाहेर खिडकीवरच विचारून घेतात, चिठ्ठीवर लिहितात, आणि ती चिठ्ठी जनावराबरोबर आत येते. मग मला मालकाला काही विचारावं लागत नाही. मला माणसांशी बोलणं पहिल्यापासून जड जातं. दुसरी रीत माझ्या वडिलांची. जनावर दगावलं तर मालकाशी बोलायचं ते घरातल्या सगळ्यांत मोठ्या डॉक्टरने, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. म्हणून त्या दुपारी मीच बाहेर गेलो. शिंपीणबाई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, “ऑपरेशन तिला झेपलं नाही.”

ह्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. ते वाक्य गावभर फिरलं.

त्या रविवारी सगळे खाली दवाखान्यातच जमलो. “घरात नको,” माझा थोरला मुलगा म्हणाला होता. “घरात बसलो की चहा होतो आणि ठरत काहीच नाही.” आम्ही चौघं. थोरला बाकावर, मांडीवर कागद घेऊन, माझी मुलगी पहाटेच्या बसने आलेली, पायाशी बॅग तशीच, मी कोपऱ्यात कुत्र्याच्या दातांच्या तक्त्याखाली, आणि सून बसली नव्हतीच. ती वजनकाट्याच्या फळीवर उभी होती. आतल्या खोलीत गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातलेला एक बॉक्सर पिंजऱ्याच्या दाराला पुनःपुन्हा धडका देत होता.

“काट्यावरून उतर ना,” थोरला बायकोला म्हणाला. “आकडा दिसतोय.”

“दिसू दे. ह्या दवाखान्यात माझं वजन कुठेतरी दिसतंय.”

मुलीला हसू आलं. ते तिने खोकल्यात घातलं.

“मुद्द्यावर येतो,” थोरला म्हणाला. “मंगळवार-शुक्रवार येतात ते सर्जन आता भागीदार म्हणून यायला तयार आहेत. ऑपरेशन थिएटर त्यांच्याकडे. कागद तयार आहे. बाबा, धाकटी आणि मी, तिघांच्या सह्या लागतात.”

“आणि मी?” सुनेने विचारलं.

“तुझी सही लागत नाही.”

“सहीचं नाही विचारलं. माझं काय?”

“तू ओपीडी बघशील. लसीकरण, त्वचा, दात...”

“नखं,” ती म्हणाली. “नखं विसरलास. आठ महिने नखं कापतेय मी. हजार ऑपरेशनं केलेल्या हातांनी. काल एक बाई पॉमेरेनियन घेऊन आली आणि मला म्हणाली, ताई, डॉक्टर कधी येतील?”

“वहिनी, चिडू नकोस गं,” मुलगी म्हणाली. ती पशुवैद्यकीय कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवते आणि घरातही वर्गातल्यासारखी बोलते. “लोकांचा विश्वास बसेपर्यंतच आहे हे. दादाला दवाखाना चालवायचाय.”

“तुला फोन करून शिकवलं ना त्याने हे? ‘लोकांचा विश्वास.’ शब्द त्याचाच आहे.”

मुलगी बॅगेचा पट्टा ओढू लागली. फोन झाला होता.

ह्यापुढचं थोडं मला सुनेकडून कळलं, तिने ते मला अजिबात गोड आवाजात सांगितलं नाही, आणि मी ते तसंच लिहायचा प्रयत्न करतो. काट्यावर उभं राहून ती आम्हा तिघांकडे पाहत होती आणि तिला टाचणीचं पोट दिसत होतं. भूल देण्याआधीच हिरड्या विटेसारख्या लाल, नाडी हाताला लागेना. पोट उघडलं आणि वास आला. गर्भाशय मनगटाएवढं जाड, एका जागी फाटलेलं, पू सगळीकडे पसरलेला. पायोमेट्रा, गर्भाशयात पू साठतो तो आजार. नसबंदी न केलेल्या, वयस्क मादीला माजावर येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्याने होतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की ती पाणी पीत सुटते. सुनेने गर्भाशय काढलं, पोट धूत राहिली, सलाईन दाबून सोडलं, आणि शेवटचे टाके घालताना मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. मग ती वीस मिनिटं छाती दाबत होती. मास्तरांनी तिचा खांदा धरला तेव्हा थांबली. बाहेर जाऊन बाईंना सांगावं म्हणून तिने ग्लोव्हज काढले, तर दारात मी उभा होतो. मी म्हणालो, “तू थांब. आपली रीत आहे.”

“त्या दिवशी तुम्हाला ढकलून बाहेर जायला हवं होतं,” ती मला नंतर म्हणाली. “मी थांबले. मला वाटलं, तुम्ही माझी बाजू सांगाल.”

“मला एक कळत नाही,” ती आता थोरल्याला म्हणत होती. “त्या पोटात चार-पाच दिवसांचा पू होता. चार-पाच! आदल्या दिवशी ती इथेच आली होती. ह्याच दवाखान्यात. ‘अपचन’ म्हणून घरी पाठवली. आठ महिन्यांत एकदा तरी कुणी विचारलं का, की आदल्या दिवशी काय झालं?”

“बाबांवर घसरू नकोस.”

“मी बाबांचं नाव घेतलं?”

“दुसरं कोण होतं आदल्या दिवशी ओपीडीत?”

“बघ. तुलाही माहितीये.”

थोरल्याने कागदाची घडी घातली, उलगडली. त्याच्या मनात काय होतं ते त्याने मला कधी नीटसं सांगितलं नाही, पण माझा मुलगा आहे, पन्नाशीला आलेला, आणि त्याचा चेहरा मी त्याच्या आधीपासून वाचतोय. केसपेपरवरचा ‘अपचन’ हा शब्द त्याने त्याच आठवड्यात पाहिला होता. अक्षर माझं. त्याने केसपेपर परत कपाटात ठेवला. रोज फोन यायचे, ‘ऑपरेशन मॅडम करणार असतील तर नको.’ एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला दारावरच्या पाटीवरचं माझं आणि माझ्या वडिलांचं नाव. बायको समजून घेईल असं त्याने धरलं. जवळच्या माणसाला आपण असंच धरतो. मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर त्याला नको होतं.

“चिठ्ठीवर काही असतं तर बाबांनी पाहिलं असतं,” तो म्हणाला. आवाज चढला होता. “बाबा चिठ्ठीवर चालतात. पन्नास वर्षं. चिठ्ठीवर ‘पाणी खूप पिते’ नव्हतं. ‘माजावर येऊन गेली’ नव्हतं. मास्तरांनी विचारलंच नसणार. मास्तर!”

मास्तर औषधांच्या खोलीत होते. रविवार असूनही बॉक्सरला गोळी द्यायला आले होते. शाळेत कधी शिकवलं नाही, पण अक्षर फळ्यावरच्या सुविचारासारखं, म्हणून मास्तर. ते हात पुसत दारात आले.

“टाचणीची चिठ्ठी आठवते?” थोरल्याने विचारलं. “शिंपीणबाईंची, पांढरी, कानावर काळा ठिपका.”

“आठवते ना, डॉक्टर.”

“काय लिहिलं होतं?”

“उलट्या, दोन वेळा. खात नाही. पाणी फार पिते, चार दिवस. माज दीड महिन्यापूर्वी. ह्याच्या खाली रेघ मारली होती.”

“रेघ!” सून ओरडली.

“मग चिठ्ठी कुठे आहे?” थोरला म्हणाला. “केसपेपरला लावलेली नाही. मी पाहिलंय. प्रत्येक चिठ्ठी केसपेपरला लागते, हीच का नाही?”

“म्हणजे तू केसपेपर काढून पाहिला होतास,” मुलगी हळूच म्हणाली. ती पहिल्यांदा भावाकडे पाहत होती.

“मास्तर, मी विचारतोय. चिठ्ठी कुठे आहे?”

“मी आत पाठवली होती.”

“सगळेच म्हणतात पाठवली होती! लिहिलीच नसेल तर काय सापडणार? तुम्हालाही वय झालं. सांगा ना सरळ, की विसरलात. एक बाई विसरते, एक म्हातारा विसरतो, आणि बोलणी आम्ही खायची!”

मास्तरांनी पाठीमागे हात नेऊन ॲप्रनची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. ॲप्रन चार घड्या करून काउंटरवर ठेवला. “बॉक्सरची पुढची गोळी संध्याकाळी आहे,” ते म्हणाले. “लोण्यात घालून द्या. नुसती दिली तर थुंकतो.”

ती चिठ्ठी कुठे आहे, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

मला असं लिहायला आवडलं असतं, की मी तेव्हा ताडकन उठलो. मी उठलो नाही. मास्तर चपला घालत होते, एका चपलेचा अंगठा त्यांना सापडेना, आणि मी दातांच्या तक्त्याखाली बसून विचार करत होतो की हे आता जातील, उद्या मी त्यांच्या घरी जाऊन समजूत काढीन, आणि सगळं आहे तसं राहील. हा विचार मी पूर्ण केला. मग मला स्वतःची इतकी चीड आली की उठताना बाक मागे भिंतीवर आपटला.

“मास्तर, थांबा.”

मी माझ्या तपासणीच्या खोलीत गेलो. पुस्तक खालच्या कप्प्यात होतं, मलमाच्या डब्यांमागे. पत्र आल्यावर मी चिठ्ठी शोधली होती, दोन दिवस, आणि ती ह्या पुस्तकात सापडली होती. टाचणी आत आली तेव्हा तिच्याबरोबर चिठ्ठी माझ्या हातात आली आणि मी ती न वाचता पानात खूण म्हणून घातली. पुस्तक मिटायला खूण लागते. एवढंच कारण.

मी पुस्तक आणून सुनेच्या हातात दिलं. कुणाच्या हातात द्यायचं ह्याचा विचार मी केला नव्हता, हात तिकडे गेला. तिने उघडलं. चिठ्ठी वाचली. रेघ होती. चिठ्ठीच्या मागे शिंपीणबाईंचं पत्र होतं, तेही वाचलं. मग दोन्ही मुलीकडे दिलं.

मुलीने वाचून मान वर केली तेव्हा तिचा वर्गातला आवाज गेला होता. “बाबा, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. पाणी आणि माज. तू हे वाचलं असतंस तर त्याच दिवशी सोनोग्राफी केली असतीस.”

“वाचलं नाही.”

“आणि पत्र कधी आलं?”

“ती गेल्यावर तीन आठवड्यांनी.”

“म्हणजे तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं,” सून म्हणाली. तिचा आवाज उलट खाली आला होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. “मी नखं कापत होते. रोज खाली जेवायला बोलवायला येत होते. तुम्ही म्हणायचात, ‘आज दमलीस का गं?’ रोज विचारायचात! मला वाटायचं, ह्या घरात एक माणूस तरी मला विचारतोय.”

“मी सांगणार होतो.”

“कधी? सर्जनची पाटी लागल्यावर?”

“मला धीर...”

“धीर त्या बाईला नव्हता! तिला! तुमच्यासमोर बोलायचा! आणि ती आठ महिने स्वतःला दोष देत बसली, बाबा. मशीनवर बसून. एका न दिलेल्या उत्तरासाठी.” ती थोरल्याकडे वळली. “आणि तू. तू केसपेपर पाहिला होतास.”

“मला चिठ्ठीचं माहीत नव्हतं.”

“अपचन माहीत होतं. माझ्याशी एका खोलीत झोपतोस तू.”

थोरला माझ्यावर ओरडला. एवढ्या मोठ्याने, की बॉक्सर धडका द्यायचा थांबला. “एवढं एक काम होतं तुमचं! चिठ्ठी वाचायची! बोलायचं नाही, हसायचं नाही, मालकांकडे बघायचं नाही, सगळं आम्ही सांभाळून घेतलं. आजोबांपासून सगळे तुमच्याभोवती चाललेत, हळू बोला, बाबा वाचतायत! वाचतायत! आणि जे वाचायचं ते...” मग तो मास्तरांकडे गेला आणि त्यांच्यासमोर नुसता उभा राहिला. मास्तर म्हणाले, “असू दे, डॉक्टर,” पण ॲप्रन उचलला नाही. तो मुलीने उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“मी सही करणार नाही,” ती भावाला म्हणाली. “फोनवर हो म्हटलं होतं. आता नाही.”

“मीही नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही मधे बोलू नका,” सून म्हणाली. “तुमच्या सहीने मला थिएटर परत मिळायला नकोय. ते माझंच होतं. उद्यापासून मी आत असेन. मंगळवारी सर्जन आले की त्यांना तूच सांगायचं,” हे नवऱ्याला, “आणि पुढे ज्याचे हात लागले, तोच मालकाशी बोलेल. जनावर वाचलं तरी आणि मेलं तरी. ही रीत मोडली. आणि बाबा, तुम्ही उद्यापासून ओपीडीत बसायचं नाही.”

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हणतो का ते. मी हो म्हटलं. खुर्ची गेली ह्याचं वाईट वाटायला मला वेळच मिळाला नाही, कारण तिने काउंटरवरचं चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन माझ्यासमोर आपटलं होतं.

“लिहा.”

मी लिहिलं. पहिल्यांदा दीड पान झालं. त्यात माझं वय होतं, पन्नास वर्षांची सेवा होती, न लिहिता आल्याची खंत होती, आणि एक बरं जमलेलं वाक्य होतं. सुनेने वाचलं आणि म्हणाली, “ह्यात कुत्री कुठाय?” फाडून टाकलं. दुसऱ्यात ‘दुर्दैवाने’ हा शब्द होता. तोही तिने दाखवला, बोटाने, न बोलता. तिसरं असं झालं:

‘बाई, पाणी पिण्याचं तुम्ही सांगितलं होतं. मास्तरांनी ते लिहिलं होतं. चिठ्ठी माझ्या हातात होती, मी ती वाचली नाही, पुस्तक वाचत होतो. तुमच्या न सांगण्यामुळे टाचणी गेली नाही. त्याच दिवशी ऑपरेशन झालं असतं तर ती बहुधा वाचली असती. नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर आली तेव्हा फार उशीर झाला होता, तरी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांच्याकडून काही चूक झाली नाही. हे मी तुम्हाला त्याच दुपारी सांगायला हवं होतं. हे पत्र कुणालाही दाखवा. चिठ्ठी सोबत ठेवली आहे.’

“चिठ्ठी नाही!” थोरला म्हणाला. “पत्र जाऊ दे. पण मूळ चिठ्ठी नाही, बाबा. उद्या तिने ती घेऊन कुणाला दाखवली तर? फोटो पाठवा. नक्कल पाठवा. पाटीवर आजोबांचं नाव आहे.”

“दादा, दाखवण्यासाठीच पाठवायचीय ती,” मुलगी म्हणाली.

“तुला काय जातंय? तू तिकडे वर्गात उभी राहणार. इथे लोकांच्या तोंडाला तोंड मी देणार.”

“इतके दिवस ते तोंड मी दिलं,” सून म्हणाली. “आता तुझी पाळी.”

थोरल्याने हात पुढे केला, चिठ्ठीसाठी. मी त्याचा बाप आहे आणि आयुष्यात त्याला कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही, कारण नाही म्हणायला बोलावं लागतं. मी चिठ्ठी पत्राच्या घडीत घातली, पाकीट चाटून बंद केलं आणि म्हणालो, “नाही.”

“मग जे होईल ते तुम्ही निस्तरा.”

“हो.”

तो जिना चढून वर निघून गेला. वर दार आपटल्याचा आवाज आला. सून त्याच्या मागे गेली नाही. ती आत जाऊन बॉक्सरची कॉलर सरळ करू लागली, आणि तिच्या पाठीकडे पाहून मला कळलं की तिला आता माझ्याकडून काही ऐकायचं नाही. आभार नाही, माफी तर नाहीच.

पत्ता मास्तरांनी सांगितला. मी लिहिला. तिकीट मुलीच्या पर्समध्ये निघालं.

टपालाची पेटी चौकात, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर आहे. मी एकटा गेलो. वाटेत दोन ओळखीचे भेटले, एकाबरोबर त्याचा लॅब्रेडॉर होता, मागच्या पायाने लंगडत होता. एरवी मी रस्ता ओलांडला असता. मी थांबून विचारलं, “कधीपासून?” तो चकित झाला. मग सांगू लागला, पाच-सहा मिनिटं, सगळं. मी सगळं ऐकलं आणि म्हणालो, “उद्या मॅडमना दाखवा. त्यांनाच.”

पेटीच्या तोंडाशी पाकीट अर्धं आत गेलं आणि माझी बोटं सुटेनात. परत घेता येईल, असं मनात आलं, हेही लिहून ठेवतो. मग मी सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटीत आधीच बरीच पत्रं असावीत.